स्मार्टफोनची किंमत आणि तो बनवण्याचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा महागडा फोन बाजारात आला की थोड्याच दिवसांत एक बातमी हमखास येते: हजार डॉलरच्या या फोनमधले सुटे भाग म्हणे चारशे डॉलरचेही नाहीत. मग एक बाजू म्हणते, ही उघड लूट आहे. दुसरी म्हणते, मग घेऊ नका, जबरदस्ती कुणी केली आहे? मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. सुट्या भागांची बेरीज करून किंमत वाजवी की अवाजवी हे ठरत नाही, हे खरं. पण तेवढ्यावर कंपन्या निर्दोष सुटत नाहीत. गिऱ्हाइकाला दहा पर्याय असतात तिथे किंमत बऱ्यापैकी ताळ्यावर राहते. जादा स्टोरेज, बॅटरी, फुटलेली स्क्रीन, थांबलेले अपडेट अशा ठिकाणी ते बांधलं जातं, आणि माझ्या मते खरा अन्याय तिथे होतो. खालची उत्तरं या भूमिकेतून लिहिली आहेत.

फोन बनवायला त्याच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी खर्च येतो, हे खरं आहे का?

महागड्या फोनच्या बाबतीत, आणि फक्त सुट्या भागांपुरतं बोलायचं तर, हो. २०१७ साली आयफोन टेन अमेरिकेत ९९९ डॉलरला आला. आयएचएस मार्किट या संस्थेने तो उघडून आतल्या भागांची किंमत ३७०.२५ डॉलर काढली. त्यातले ११० डॉलर एकट्या स्क्रीनचे होते. म्हणजे गिऱ्हाइकाने मोजलेल्या दर १०० डॉलरमागे ३७ डॉलरचं साहित्य. स्वस्त फोनमध्ये भागांचा वाटा याहून बराच मोठा असतो, कारण तिथे स्पर्धा गळेकापू असते आणि कंपनीला किंमत वाढवायला वावच नसतो.

मात्र ३७० डॉलर हा फक्त साहित्याचा खर्च आहे. बनवण्याचा खर्च, विकण्याचा खर्च, आणि विकल्यानंतर वर्षानुवर्षं चालणारा खर्च वेगळा. बातमीच्या मथळ्यात या सगळ्याची सरमिसळ होते.

भागांची किंमत बाहेरच्या लोकांना कळते कशी?

फोन विकत आणून खोलतात. काच तापवून डिंक सैल करायचा, पाते घालून ती उचलायची, स्क्रू काढायचे, बोर्डावरची पातळ धातूची झाकणं उखडायची. मग एकेका चिपवर छापलेला क्रमांक वाचायचा. क्रमांकावरून बनवणारा आणि मॉडेल कळलं तर बाजारातला घाऊक भाव काढता येतो. एखादी चिप फोन बनवणाऱ्या कंपनीने स्वतःसाठी खास बनवून घेतलेली असेल, तर तिचं वरचं आवरण आम्लाने विरघळवतात आणि आतला सिलिकॉनचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. तुकड्याचं क्षेत्रफळ कळलं की सिलिकॉनच्या एका गोल चकतीतून असे किती तुकडे निघतील, त्यातले किती सदोष म्हणून फेकावे लागतील, आणि चकतीचा भाव काय असेल, यावरून चिपची किंमत मांडतात. वर आवरण आणि चाचणीचा खर्च धरतात.

काम कौशल्याचं आहे, पण त्यात एक मोठी फट आहे: खरा करार कुणालाच दिसत नाही. कोट्यवधी स्क्रीनची मागणी आगाऊ नोंदवणारी कंपनी बाजारभावापेक्षा किती कमी देते, हे फक्त ती कंपनी आणि तिचा पुरवठादार यांनाच ठाऊक. सॅमसंगसारखी कंपनी स्क्रीन आणि मेमरी स्वतःच्याच समूहात बनवते. तिथे एका विभागाने दुसऱ्याला लावलेला भाव हा बराचसा हिशेबाचा प्रश्न. म्हणून ३७०.२५ मधल्या पाव डॉलरला काही अर्थ नाही. साडेतीनशे ते चारशेच्या आसपास, एवढाच बोध घ्यावा. ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी २०१५ मध्ये गुंतवणूकदारांशी बोलताना असे अंदाज खऱ्याच्या जवळपासही नसतात असं म्हटलं होतं. मात्र खरा आकडा काय, हे त्यांनीही सांगितलं नाही.

मग कंपन्या स्वतःच हिशेब जाहीर का करत नाहीत?

पुरवठादारांशी घासाघीस करताना आपले पत्ते उघडे पडू नयेत म्हणून. एका पुरवठादाराला कळलं की दुसऱ्याला जास्त भाव मिळतो, तर पुढच्या करारात तोही तेवढाच मागणार.

पण जाहीर करणं अशक्य नाही. नेदरलँड्समधल्या फेअरफोन या छोट्या कंपनीने २०१३ मध्ये आपल्या पहिल्याच फोनच्या ३२५ युरोंचा हिशेब लोकांसमोर मांडला: साहित्य, जोडणी, रॉयल्टी, कर, पगार, वितरण, सगळं. मला या कृतीचं फार मोल वाटतं. एका प्रामाणिक कागदाने बाजार बदलत नाही, पण गिऱ्हाइकाला काय काय विचारता येतं हे त्यातून कळतं.

सुट्या भागांपलीकडे खर्च तरी कुठे होतो?

सर्वांत आधी संशोधन आणि सॉफ्टवेअर. ॲपलने २०२३ या आर्थिक वर्षात संशोधन-विकासावर जवळजवळ ३० अब्ज डॉलर खर्च केले. हा पैसा केवळ फोनवर गेला असं नाही, पण कॅमेऱ्याच्या मागचं गणित, बॅटरी वाचवणारी प्रणाली, सुरक्षेतली भोकं बुजवणारे अपडेट, हे कुठल्याच सुट्या भागांच्या यादीत दिसत नाही. फोन खोलून बसलेल्या माणसाला सॉफ्टवेअर सापडत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरली जाते. कंपन्यांची ही तक्रार मला रास्त वाटते.

दुसरं, पेटंटची रॉयल्टी. फोन नेटवर्कला जोडला जाण्यासाठी जी तंत्रं लागतात, त्यांची पेटंटं अनेक कंपन्यांकडे विखुरलेली आहेत आणि प्रत्येकीला पैसे द्यावे लागतात. ५जी फोनसाठी एरिक्सनने जाहीर केलेला दर ५ डॉलर होता, स्वस्त फोनसाठी अडीच डॉलरपर्यंत खाली येणारा. नोकियाचा ३ युरो. हुआवेने २०२१ मध्ये अडीच डॉलरची कमाल मर्यादा सांगितली. क्वालकॉमची पद्धत निराळी: ती फोनच्या विक्री-किमतीवर टक्केवारी लावते. अत्यावश्यक पेटंटांसाठी ३.२५ टक्के, आणि किंमत जास्तीत जास्त ४०० डॉलर धरायची, म्हणजे फोनमागे १३ डॉलरपर्यंत. प्रत्यक्ष करारात हे आकडे खाली-वर होतात.

क्वालकॉमची ही पद्धत वर्षानुवर्षं वादात आहे. पेटंट मोडेमचं, म्हणजे नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचं, मग पैसे अख्ख्या फोनच्या किमतीवर का? फोनमध्ये चांगला कॅमेरा घातला म्हणून नेटवर्कचं तंत्र काही जास्त वापरलं जात नाही. चीनच्या नियामकाने २०१५ मध्ये क्वालकॉमला सुमारे ९७.५ कोटी डॉलरचा दंड केला आणि चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनसाठी किमतीच्या ६५ टक्क्यांवरच रॉयल्टी आकारायला लावली. अमेरिकेत व्यापार आयोगाने खटला भरला, २०१९ मध्ये जिंकला आणि २०२० मध्ये अपिलात हरला.

त्यानंतर जोडणी, वाहतूक, वॉरंटीतल्या दुरुस्त्या, विक्रेत्याचं कमिशन, जाहिरात आणि सरकारचा कर. करामुळे तुलनेत मोठी गफलत होते. अमेरिकेत जाहीर होणारी किंमत विक्रीकराआधीची असते, युरोपात ती कर धरून असते. दोन देशांतल्या किमती शेजारीशेजारी ठेवून "आम्हालाच महाग का?" असं विचारण्याआधी हे पाहावं.

सगळं वजा जाता कंपनीच्या हातात किती उरतं?

कंपनी-कंपनीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ॲपलच्या वार्षिक अहवालात उपकरणांवरचा ढोबळ नफा २०२३ साठी ३६.५ टक्के दिला आहे. ढोबळ म्हणजे साहित्य, जोडणी आणि थेट खर्च वजा करून, पण संशोधन, जाहिरात, कार्यालयं आणि आयकर वजा न करता. ॲप, साठवण, सदस्यत्व अशा सेवांवर हेच प्रमाण ७०.८ टक्के होतं. सगळं वजा करून अख्ख्या कंपनीकडे दर १०० डॉलरच्या विक्रीमागे साधारण २५ डॉलर निव्वळ उरले. वस्तू बनवून विकणाऱ्या धंद्यात हा आकडा फार मोठा आहे, आणि त्याला अवाढव्य म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही.

दुसऱ्या टोकाला शाओमी. तिचे संस्थापक लेई जुन यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं की उपकरणांवरचा निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. त्याहून पलीकडे एलजी. तिच्या मोबाइल विभागाने सुमारे सहा वर्षांत साडेचार अब्ज डॉलर गमावले आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. एलजीचे फोन वाईट नव्हते. एखाद्या धंद्यात सगळेच लुटत असते तर इतकी जुनी, जाणती कंपनी त्यातून बाहेर पडली नसती. "फोन कंपन्या लुटतात" असं सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे. भरघोस नफा मोजक्या दोन-तीन कंपन्यांकडे जमा होतो, बाकीच्या तगून राहण्यासाठी धडपडतात.

फोन जोडणाऱ्या कामगाराला यातलं किती मिळतं?

या पानावरचा सर्वांत अस्वस्थ करणारा हिशेब हा आहे. आयफोन थ्रीजीवर २०१० साली यूचिंग शिंग आणि नील डेटर्ट या संशोधकांनी मांडणी केली होती. उत्पादन खर्च १७८.९६ डॉलर, त्यात चीनमधल्या जोडणीचे ६.५० डॉलर. पुढे क्रेमर, लिंडन आणि डेड्रिक यांनी २०१० च्या आयफोनच्या विक्री-किमतीची फोड केली: ५८.५ टक्के ॲपलचा नफा, २१.९ टक्के साहित्य, आणि चीनमधली मजुरी अवघी १.८ टक्के. चीनबाहेरची सगळी मजुरी मिळून आणखी ३.५ टक्के.

हे आकडे जुने आहेत, आजचे प्रमाण हुबेहूब तेच असेल असं नाही. पण कामगारांना थोडं जास्त दिलं तर फोन परवडणारच नाही, हा युक्तिवाद त्यांच्यापुढे उभा राहत नाही. १.८ टक्क्यांची मजुरी उद्या दुप्पट केली आणि ती सगळीच्या सगळी गिऱ्हाइकाच्या माथी मारली, तरी हजाराच्या फोनवर १८ वाढतील. एवढे पैसे तर फोनच्या कव्हरला जातात. किंमत वाजवी आहे का, असं विचारताना आपण बहुधा स्वतःच्या खिशापुरतं पाहतो. रात्रपाळीत तासन्‌तास उभं राहून पाय सुजलेल्या माणसाच्या बाजूनेही तो प्रश्न विचारायला हवा, आणि त्या बाजूने उत्तर साफ नकारार्थी येतं.

जादा स्टोरेजसाठी एवढे पैसे का घेतात?

कारण घेता येतात म्हणून. मला यात दुसरं समर्थन सापडलेलं नाही.

आयफोन सिक्स एसच्या वेळचा, २०१५ चा, हिशेब पाहा. १६ जीबीऐवजी ६४ जीबी हवं असेल तर गिऱ्हाइकाने १०० डॉलर जादा मोजायचे. आयएचएसच्या अंदाजाने कंपनीला त्या जादा मेमरीसाठी साधारण १७ डॉलर पडत होते. बाकी फोन तसाच: तीच स्क्रीन, तोच कॅमेरा, तेच संशोधन, तीच जाहिरात. म्हणजे वर ज्या खर्चांची बाजू मी मांडली, त्यातला एकही इथे लागू होत नाही. ८३ डॉलर निव्वळ वरचे.

यामागचं गणित असं: सगळ्यांना एकाच किमतीला विकलं तर जास्त पैसे देऊ शकणाऱ्याकडून ते काढता येत नाहीत. म्हणून सर्वांत स्वस्त फोनची जाहिरात करायची, त्यात स्टोरेज मुद्दाम तोकडं ठेवायचं, आणि पुढची पायरी खूप महाग करायची. फोटो-व्हिडिओ भरून वर्षभरात जागा संपते हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. अर्थशास्त्रात हे नेहमीचंच मानतात, आणि जास्त देणाऱ्यामुळे कमी देणाऱ्याला फोन स्वस्त पडतो असा बचावही करतात. तो बचाव मेमरी कार्डाची सोय असेपर्यंत चालला असता. सॅमसंगने २०२१ च्या गॅलेक्सी एस२१ पासून आपल्या वरच्या श्रेणीतून ती खाच काढून टाकली. आयफोनला ती कधी नव्हतीच. जागा संपल्यावर उरतो तो कंपनीचा नाहीतर आणखी कुणाचा मासिक भाड्याचा क्लाउड. पर्याय आधी काढून घ्यायचा आणि मग त्याच गरजेचे चढे पैसे लावायचे, याला वाजवी म्हणायला माझं मन धजत नाही.

नवा फोन काही महिन्यांत स्वस्त होतो. म्हणजे आधी घेणाऱ्यांना लुबाडलं का?

याचा सर्वांत गाजलेला दाखला पहिल्या आयफोनचाच. २९ जून २००७ ला ८ जीबीचा फोन ५९९ डॉलरला विक्रीला आला आणि ५ सप्टेंबरला त्याची किंमत ३९९ झाली. लोक इतके चिडले की स्टीव्ह जॉब्स यांनी खुलं पत्र लिहून आधीच्या गिऱ्हाइकांना १०० डॉलरची खरेदी-सवलत दिली.

उत्पादन खर्च सव्वादोन महिन्यांत २०० डॉलरने उतरला नव्हता. कंपनीने आधी उतावळ्या गिऱ्हाइकांकडून जेवढं निघेल तेवढं काढलं, मग बाजार मोठा करायला किंमत पाडली. तरी मी याला लूट म्हणणार नाही. वाट पाहायची मुभा प्रत्येकाला होती.

किंमत खर्चाच्या प्रमाणात असावी, असं आपल्याला वाटतंच का?

यावर १९८६ मध्ये डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी एक सुंदर अभ्यास केला. त्यांनी लोकांना विचारलं: बर्फ उपसायचं फावडं एक दुकानदार १५ डॉलरला विकतो, मोठ्या हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी त्याने ते २० डॉलरला विकलं, तर? ८२ टक्के लोकांनी ते अन्यायाचं ठरवलं. मात्र दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून त्याने भाव वाढवला, तर लोक ते समजून घेतात, असंही त्यांना दिसलं.

म्हणजे लोक दुकानदाराच्या नफ्याला नावं ठेवत नाहीत. आपल्या अडचणीचा फायदा घेतलेला त्यांना खपत नाही. फोनच्या किमतीला मी हीच कसोटी लावतो.

फोन दरवर्षी महागतच चाललेत का?

वाटतं तितके नाही. २०१७ चा आयफोन टेन ९९९ डॉलरचा होता आणि २०२४ चा आयफोन १६ प्रो अमेरिकेत ९९९ लाच सुरू झाला. मधल्या काळातली महागाई धरली तर तो उलट स्वस्त झाला. डॉलरच्या तुलनेत ज्या देशाचं चलन घसरलं, तिथे मात्र आकडा चढत गेला. शिवाय कंपन्यांनी वरच्या टोकाला आणखी महाग मॉडेलं जोडली, त्यामुळे "सर्वांत चांगला फोन" दरवर्षी महाग होतो आणि आपली नजर त्याच्यावरच असते.

चार्जर काढून टाकला, तरी किंमत का उतरली नाही?

उतरायला हवी होती. २०२० मध्ये आयफोन १२ पासून खोक्यातला चार्जर गेला आणि कारण पर्यावरणाचं दिलं गेलं. इतर कंपन्यांनी पाठोपाठ तेच केलं. कचरा कमी होतो हे मान्य. पण बचत पर्यावरणाच्या नावे आणि पैसे कंपनीच्या खात्यात, हे बरोबर नाही. ब्राझीलच्या अधिकाऱ्यांनी यासाठी ॲपलला दंड केला आणि २०२२ मध्ये चार्जरविना विक्रीवर बंदीचा आदेशही काढला.

काही फोन इतके स्वस्त कसे काय देता येतात?

कारण फोन विकल्यावर कमाई सुरू होते. आधीपासून भरलेली ॲप, पडद्यावर उगवणाऱ्या जाहिराती, ॲप दुकानातलं कमिशन. आणि सर्च इंजिन. अमेरिकेतल्या गूगलविरुद्धच्या ज्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी २०२४ मध्ये निकाल दिला, त्यात उघड झालं की आपलं सर्च आधीपासून निवडलेलं असावं म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वेगवेगळ्या कंपन्यांना दिली होती. एकट्या ॲपलला २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज. म्हणजे ही कमाई महागड्या फोनवरही आहेच.

स्वस्त फोनमध्ये यातला काही पैसा किंमत उतरवायला वापरला जातो, एवढा फरक. खोक्यावर छापलेल्या किमतीखेरीज आपण आपलं लक्ष आणि आपली माहिती मोजत असतो. हा सौदा ज्याला समजून करायचा आहे त्याने जरूर करावा, पण फोन विकताना तो स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे.

निदान सुट्या भागांच्या किमती तरी खऱ्या असतात का?

नेहमीच नाही. मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. १९९९ ते २००२ या काळात त्यांतल्या काहींनी संगनमत करून भाव ठरवले होते. त्याबद्दल २००५ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ३० कोटी डॉलर दंड भरला. हायनिक्सला साडेअठरा कोटींचा दंड झाला. अत्याधुनिक चिप छापण्यासाठी लागणारी ईयूव्ही, म्हणजे अतिशय कमी तरंगलांबीच्या अतिनील किरणांची, यंत्रं तर जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. खर्चालाच पाया धरून किंमत तपासायची, तर तो खर्चही कुणाच्या तरी मक्तेदारीतून आलेला असतो हे लक्षात ठेवावं लागतं.

दुरुस्तीचा खर्च वाजवी असतो का?

बहुतेक वेळा नाही, आणि मला सर्वांत जास्त राग याचाच येतो.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ती सॉफ्टवेअरमधून कमी करत होती. कारण तांत्रिक होतं: दमलेल्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये. पण गिऱ्हाइकाला ते नीट सांगितलंच नव्हतं. फोन मंदावला म्हणून कित्येकांनी नवा घेतला असणार, जिथे बॅटरी बदलून भागलं असतं. ओरड झाल्यावर कंपनीने २०१८ साठी बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. पुढे अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली, फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड भरला. जे काम वर्षभर २९ डॉलरमध्ये करता आलं, त्याचे आधी ७९ घेतले जात होते, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

बॅटरी स्वतः बदलायला गेलात तर काय होतं पाहा. मागची काच डिंकाने घट्ट बसवलेली. तापवताना जरा जास्त झालं की तडा. बॅटरीखाली चिकटपट्टी, ती ओढताना तुटली तर बॅटरी उचकटावी लागते, आणि वाकलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. सगळं निभावलं तरी काही फोनमध्ये शेवटी पडद्यावर सूचना येते की हा भाग ओळखीचा नाही. भाग उत्तम असला तरी. अशा फोनचं सॉफ्टवेअर काही भागांचा क्रमांक तपासतं आणि कंपनीची मान्यता नसेल तर तो भाग पूर्णपणे स्वीकारत नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने २०२४ मध्ये भाग फोनशी असा बांधून टाकायला कायद्याने मनाई केली.

फोनच्या किमतीत न धरलेला खर्च कोणता?

जमिनीचा आणि कचऱ्याचा. जगातलं दोन-तृतीयांशाहून जास्त कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतं, आणि त्यातल्या काही खाणींत माणसं हातांनी, कसल्याही संरक्षणाविना खोदतात, मुलंसुद्धा. दुसऱ्या टोकाला, २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. यात फोनचा वाटा वजनाने छोटा, पण फोनचं बहुतेक प्रदूषण तो बनवतानाच होऊन गेलेलं असतं. या हिशेबाने फोन महाग नसून स्वस्त आहे, आणि फरक भलतेच लोक भरत आहेत.

सरकारने फोनची किंमत बांधून द्यावी का?

माझ्या मते नाही. फोन घेताना पर्याय भरपूर आहेत, आणि खर्च अधिक ठरावीक टक्के असं सूत्र लावलं तर खर्च वाढवून दाखवण्याचीच स्पर्धा लागेल.

सरकारने हात घालावा तो विक्रीनंतरच्या बंधनांत. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेले नियम मला योग्य दिशेचे वाटतात: मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट आले पाहिजेत, आणि बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. या नियमांत किमतीला कुठेही हात लावलेला नाही, तरी त्याच पैशात मिळणारा फोन जास्त मोलाचा होतो.

मग फोन घेताना मी काय पाहू?

भागांची बेरीज सोडून द्या आणि किमतीला वर्षांनी भागा. कंपनी किती वर्षं सुरक्षेचे अपडेट देणार हे लेखी पाहा: गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे. ७०० डॉलरचा फोन सात वर्षं चालला तर वर्षाला १०० पडतात; ३०० डॉलरचा दोन वर्षांत निरुपयोगी झाला तर १५०. एक बॅटरी बदलावी लागेल हे धरून तिचा अधिकृत दर त्यात मिळवा. मॉडेल बाजारात येऊन किती काळ लोटला तेही बघा, कारण अशा आश्वासनातली अपडेटची वर्षं तुम्ही घेतल्यापासून मोजत नाहीत, फोन बाजारात आल्यापासून मोजतात. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत घेतलं तर सातातली पाचच उरलेली असतात, आणि सवलत त्या प्रमाणात आहे का ते कागदावर मांडून पाहता येतं.